हा कर

माझ्या नवऱ्याने एका परक्या बाईच्या तोंडावर श्वास सोडला आणि मी तो पाहिला. भर दुपारी, चार माणसांदेखत, रस्त्याच्या कडेला. मी चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडून तयार भिंगांचा डबा घेऊन दुकानात परतत होते. त्या चौकात एक थोराड झाड आहे, त्याच्या फांद्या तारांना टेकायला लागल्या होत्या आणि खाली नगरपालिकेच्या छाटणीवाल्यांची गाडी उभी होती. पिवळ्या टोप्या, गुंडाळलेले दोर, करवती. नवरा त्यांच्यातच असणार हे ठाऊक होतं म्हणून थांबले. हाक मारावी, नाहीतर नुसता हात करावा, असं मनात होतं. त्याने कमरेचा पट्टा आवळला, झाडाकडे निघाला आणि चढण्याआधी वळून एका बाईसमोर उभा राहिला. ती बुटकी, तो उंच. तो वाकला, तोंड उघडलं आणि तिच्या नाकासमोर लांबलचक 'हा' केला. तिने डोळे मिटून वास घेतला, मान हलवली. मग तिने टाचा उंचावल्या आणि त्याच्या तोंडावर 'हा' केला. त्यानेही मान हलवली. तो चढायला लागला आणि तिने खाली दोर हातात घेतला. मुका घेताना सापडला असता तर मला भांडायला तोंड तरी राहिलं असतं. आता भांडणार कशावरून? शेजारी उभा असलेला एक माणूस म्हणाला, "कसला माकडासारखा चढतो बघा!" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा बाजूला सरकला. मी भिंगांचा डबा छातीशी धरला आणि हाक न मारता दुकानाकडे निघाले.

कारण तो 'हा' माझा होता. लग्नानंतर पहिली दोनेक वर्षं गेली आणि सुरू झाला. झाडावर चढणारा माणूस. रात्रीची उतरली नसताना वर गेला तर खाली काय येईल ते सांगायला नको. म्हणून रोज सकाळी तो पिशवी खांद्याला लावून दाराशी आला की मी आडवी उभी राहायची. "हा कर." तो करायचा. मग मी ठरवायची. 'जा' म्हटलं की जायचा. 'आज चढायचं नाही, घरीच बस' म्हटलं की पिशवी खाली ठेवून मुकाट्याने उंबऱ्याशी बसायचा. ज्याने कधी बापाचं ऐकलं नाही, साहेबाचं ऐकलं नाही, तो माझं एवढं एक वाक्य ऐकायचा. आणि मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर माझं तोंड लोकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. काडी कानामागे बसवायची, नाकावरची गादी दाबायची, डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, हे सगळं गिऱ्हाइकाचा श्वास अंगावर घेत. कुणी कांदा खाल्लाय, कुणाची दाढ किडलीय, कोण घाबरलाय, मला सगळं कळतं. नवऱ्याची कालची आणि परवाची मी वेगवेगळी सांगायची. वरून लवंग चघळलेली असली तरी खालची सापडायची. तो हरल्यासारखा हसायचा आणि म्हणायचा, "तू पोलिसात का नाही गेलीस?" खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दिवसभरात तो कुणाचाही असो, सकाळी दाराशी त्याचं तोंड माझं असायचं. पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला काय मिळतं, असं लोक विचारतात. मला हे मिळत होतं.

लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "आदिवासी आहे तो. त्यांच्या रक्तातच असते ती." माझे वडील तेव्हा आतल्या खोलीत रोजच्यासारखे नक्षीच्या ग्लासात बर्फ टाकून बसले होते, बशीत खारे दाणे. तेही रोज प्यायचे. कधी न्हाणीघरात पडले की आई सगळ्यांना सांगायची, फरशी निसरडी आहे मेली. आमच्यात फरशी निसरडी आणि त्याच्यात रक्त वाईट. हे मी आईला तोंडावर ऐकवलं आणि मोठ्या तोऱ्यात त्याच्याशी लग्न केलं. पण रक्त नाही तर मग काय, याचा मी पुढे विचार केला नाही. किती प्यायलास, कुणाबरोबर, कुठून आणलीस, एवढ्या माझ्या चौकश्या. तो डोंगरापलीकडचा, जिथे आता धरण आहे. या शहराच्या नळाला जे पाणी येतं ते त्याच्या गावावरून येतं. एकदा सकाळी बादली भरताना तो नळाकडे बोट दाखवून म्हणाला होता, "आलं बघ आमचं घर." मला वाटलं विनोद केला, मी हसले. तोही हसला. त्या दिवशी संध्याकाळी तो फार पिऊन आला होता. मी दुसऱ्या दिवशी त्याला चढू दिलं नाही आणि त्याच्या पिशवीतली अर्धी बाटली मोरीत ओतली.

मग त्याने सोडली. कशी सोडली ते मला माहीत नाही, आणि तिथेच तर पोटशूळ आहे. इतकी वर्षं मी झगडले, रडले, बाटल्या फोडल्या, माहेरी जायच्या धमक्या दिल्या, त्याने काही झालं नाही. आणि मग तो बंद पडलेल्या शाळेतल्या एका खोलीत जायला लागला, आठवड्यातून दोन संध्याकाळी. तिथे त्याच्यातलीच, दारू सोडू पाहणारी माणसं गोल बसतात आणि बोलतात. "मी येऊ का?" मी विचारलं होतं. "ये की. पण मग आम्ही बोलणार नाही," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी सहज, बाहेर पाऊस आहे म्हणावं तसं. काही महिने गेले. एका सकाळी मी नेहमीसारखी दारात आडवी उभी राहिले, तर त्याने माझ्या खांद्याला धरून मला हलकेच बाजूला केलं. "आता नको गं. आता घेत नाही मी." मला आनंद झाला. व्हायलाच हवा होता; मी सगळ्यांना सांगत सुटले, आईला तर दोनदा. पण दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा दारात कुठे उभं राहायचं ते मला कळेना. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. मला तर फुंकरच नको असं सांगण्यात आलं होतं. आणि तीच फुंकर तो भर चौकात एका बुटक्या बाईला देत होता.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला. मी मुद्दाम वाढायच्या निमित्ताने वाकले. साबणाचा वास, ओल्या सालीचा वास, बाकी काही नाही. "आज चौकात होतास ना?"

"होतो. मोठं होतं झाड."

"खाली दोर कुणी धरला होता?"

"ताईने. माझा दोर तीच धरते."

"तुला बहीण आहे हे लग्नात कुणी बोललं नाही."

तो हसला. "आमच्यातली आहे. खोऱ्याच्या वरच्या अंगाची. सगळेच ताई म्हणतात."

"आणि ती तुझं तोंड का हुंगते?"

त्याचा घास हातातच राहिला. "पाहिलंस होय? अगं, टोळीचा नियम आहे. जो वर जातो आणि जो दोर धरतो, दोघांनी द्यायचा. तिचीही सुटलेलीच आहे. माझ्या आधी सुटलीय."

"मग घरी का देत नाहीस?"

"घरी मी कुठे चढतोय?" तो म्हणाला आणि जेवायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नाशीची असावी ती, पुढचा एक दात नसलेली, मनगटं पुरुषासारखी. सवत असती तर बरं, निदान तिच्यापेक्षा आपण गोऱ्या की सावळ्या एवढं तरी ताडता आलं असतं. हिच्याजवळ जे होतं ते मला कुठल्या दुकानात मिळणार होतं? तिचं गाव बुडालेलं, त्याचं गाव बुडालेलं. माझं माहेर रस्त्यापलीकडे, कोरडं ठणठणीत. मला त्यांच्या दुःखाचासुद्धा हेवा वाटत होता. लाज वाटते, पण वाटत होता. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवताना माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं: त्याने पुन्हा प्यावी. एकदाच. म्हणजे दारात येईल, वाकेल, आणि मी म्हणेन घरीच बस. म्हातारा "आई गं" म्हणाला, कारण मी काडी त्याच्या कानामागे रुतवली होती.

आणि त्याच आठवड्यात ती दुकानात आली. मी मान वर केली तर काउंटरपलीकडे तीच, केस ओले करून चापून बसवलेले, परीक्षेला आल्यासारखी. "वहिनी ना तुम्ही?" ती म्हणाली. "तुमच्या माणसाने पाठवलंय. म्हणाला, चष्मा करावा तर माझ्या बायकोने." घ्या. सवत नव्हे, फुकटची नणंद पदरात पडली. मी तिला बसवलं, नंबर काढला. लांबचं अंधुक झालं होतं तिचं, आणि तिला ते ठाऊक होतं. "वर गेलेल्याचा हात दिसतो हो," ती म्हणाली, "बोटं दिसत नाहीत. पोरं बोटांनीच खुणा करतात, ढिला सोड, आवळ. करवतीच्या आवाजात ओरडून काय ऐकू येतंय? म्हणून साहेबाला सांगून टाकलं, चष्मा येईपर्यंत मी दोर धरणार नाही. तोवर आमची टोळी जमिनीवर." तिने स्वतः एक फ्रेम निवडली, बारीक, सोनेरी, दागिन्यासारखी. आरशात बघून लाजली. "ही बरी दिसते का?" बरी काय, छानच दिसत होती. आणि मला चौकातली ती आठवली: दोर हातात, डोकं पार पाठीवर टेकलेलं, नजर शेंड्याकडे. इतकी तंतोतंत आठवली, कारण गेले काही दिवस मी तेच चित्र चघळत होते. ही चिमुकली फ्रेम लावून तिने तसं वर बघितलं, तर नजर काचेच्या वरून जाणार, आणि वर पुन्हा धुकं. दुकानात सगळे आरशात समोर बघून चष्मा घेतात. झाडाच्या शेंड्याकडे बघून कोण घेतं? गिऱ्हाइकाने स्वतः पसंत केलेली फ्रेम. मला कुणी बोल लावला नसता. 'ही छान दिसते' एवढं म्हणायचं होतं फक्त. ते शब्द जिभेवर आले, खोटं कशाला बोलू. मग दोराचं दुसरं टोक कुणाच्या कमरेला आहे ते आठवलं.

"वर बघा," मी म्हणाले.

"आँ?"

"छताकडे. तुम्ही दोर धरून बघता तसं. पार मान टाका."

तिने मान टाकली. सोनेरी फ्रेम भुवयांखालीच राहिली. मी ती काढून घेतली आणि खालच्या खणातली जाड, उंच काचांची काळी फ्रेम आणली, जी आमच्याकडे वर्षभरात कुणी हातात धरली नव्हती. ती चढवली, पुन्हा वर बघायला लावलं, नजर काचेत कुठे येते तिथे खूण केली, काड्या कानामागे किती वळवायच्या ते बघून ठेवलं. तिने आरशात बघितलं. "घुबड दिसतेय मी," ती म्हणाली. मला हसू आलं, इच्छा नसताना. माझं तोंड तिच्या तोंडाजवळ होतं, आणि सवयीने मी वास घेतला असणार, कारण ती एकदम म्हणाली, "घ्या, घ्या. हा करू का?" आणि केलाच. कोमट चहाचा वास. "तुमचाच नियम आहे, वहिनी. त्यानेच आणला आमच्या टोळीत. म्हणाला, माझ्या बायकोने मला असंच जिवंत ठेवलं. फक्त म्हणाला, आपल्यात दोघांनी द्यायचा, एकट्याचाच घेतला की माणूस चोर होतो." मी काड्या पुसत होते, पुसतच राहिले. माझी वस्तू त्याने गावभर वाटली होती, वर तिच्यात दुरुस्तीही केली होती. "त्याच्या बापाचं तर तुम्हाला ठाऊकच असेल," ती म्हणाली. मी मान हलवली. काहीही ठाऊक नव्हतं. "धरणाच्या भिंतीवर मजुरीला. अर्धी मजुरी पैशात, अर्धी बाटलीत, ठेकेदार असाच द्यायचा. ज्या भिंतीने गाव बुडणार तीच बांधायची आणि संध्याकाळी तिच्यावरच बसून प्यायची. पुढे धरण भरलं, गाव गेलं, तरी बाप तिथेच; याला आई पाठवायची बोलवायला. एकदा बाप झोपला होता तर याने बाटलीला तोंड लावलं. केवढा असेल तेव्हा, बघा. म्हणाला, बापाला यात काय दिसतं ते बघायला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दिसलं ना. बुडालेलं गाव दिसलं, कोरडं. पहिल्या घोटात दिसतं. पुढे काही दिसत नाही, पण माणूस त्या पहिल्यासाठी पुढचे सगळे पीत जातो. माझं वेगळं होतं. मला वसतिगृहात टाकलेलं, केस कापून, नावाऐवजी नंबर. मी प्यायचे ती कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटायचं म्हणून. प्रत्येकाचं वेगळं असतं हो. वरून सगळ्यांचा वास एकच." ती उठली. "कधी मिळेल?"

"परवा सकाळी," मी म्हणाले. "मीच बसवून देईन."

दुसऱ्या दिवशी तिची भिंगं स्वतः घासणाऱ्याकडे उभी राहून करून घेतली आणि संध्याकाळी, नवरा त्याच्या त्या खोलीत गेला असताना, मी आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात गेले. दुकानदार मला ओळखत होता. त्याच्याशी मी पूर्वी भांडून आले होते. "साहेबांची परत सुरू झाली वाटतं?" त्याने डोळे मिचकावले. "कुठे सुटते म्हणा त्या लोकांची." "माझ्यासाठी आहे," मी म्हणाले. तो मनापासून हसला. घरी येऊन स्वयंपाकघरात नळाशेजारी बसले. भांडंभर ओतली. तो वर्षानुवर्षं माझ्या शेजारी झोपला आणि जे मला सांगितलं नाही ते एका दात पडलेल्या बाईला सांगितलं, हा एकच विचार होता. मग मला तरी दिसू दे. पहिला घोट घशातून जाळत गेला, डोळ्यांत पाणी आलं. गाव वगैरे काही नाही. वडिलांचा नक्षीचा ग्लास दिसला, बर्फ, आई फरशी पुसताना. आणि मग नाकातून तो वास परत वर आला, आणि मला आमचं दार दिसलं. सकाळ, खांद्याला पिशवी, तो माझ्यासमोर वाकलेला, त्याचे मिटलेले डोळे इतके जवळ की पापण्या मोजाव्यात. मी रडायला लागले. वास मी नुसता ओळखत होते असं नाही, त्या वासाची मला आठवण येत होती. दुसरा घोट घेतला तर दार गेलं. तिसऱ्यात नुसतीच जळजळ. तरी मी घेत राहिले, दार परत येईल म्हणून. पुरेशी घेतल्यावर एकदम भानावर आले: तो येईल. घरात ही आहे आणि तो येईल. उरलेली सगळी मोरीत ओतली, भरपूर पाणी सोडलं, बाटली कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आले, खिडक्या उघडल्या, दात घासले, लवंग खाल्ली, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तो आला आणि दिवा न लावता शेजारी आडवा झाला. मला वाटलं, सुटले.

सकाळी डोकं ठणकत होतं. मी पुन्हा दात घासले, पुन्हा लवंग खाल्ली. आज ताईचा चष्मा बसवायचा होता. तिने लावला की दुपारी टोळी चढणार होती. नवरा पिशवी खांद्याला लावून दाराशी आला. मीही पर्स घेऊन निघाले होते, पण तो हलला नाही. दारात आडवा उभा राहिला, बरोबर माझ्या जागेवर.

"हा कर," तो म्हणाला.

मी हसून टाळायला बघितलं. तो हसला नाही. इतक्या वर्षांत कुणी माझं तोंड मागितलं नव्हतं. मी टाचा उंचावल्या आणि केला. त्याने डोळे मिटले. लवंगेखालची त्याला सापडली, सापडणारच. त्याच्याइतकी ती कोण ओळखणार? त्याचा चेहरा आवळला, त्याने एक पाऊल मागे घेतलं, दाराची चौकट धरली, आणि मला भीती वाटली ती माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. हा वास मी त्याच्या तोंडाजवळ नेला होता. तो तसाच उभा राहिला, बाहेरची हवा घेत. मग म्हणाला, "कालची आहे. हात बघू." मी हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती.

"आज चष्मा बसवायचा नाही," तो म्हणाला. "उद्या बसव. आम्ही उद्या चढू. आज तू घरीच बस."

माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. मी पर्स खाली ठेवली आणि उंबऱ्याशी बसले, तो बसायचा तशीच, मुकाट्याने. आता बोलेल, मी बोलायची तसं: किती, कुणाबरोबर, कुठून आणलीस. त्याने दार सताड उघडलं, पिशवी उतरवली, आणि वास पोचणार नाही इतका लांब, उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. फोन करून कुणाला तरी सांगितलं की आज मी येत नाही, ताईला सांग चष्मा उद्या.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

मला वाटलं होतं मी खोटं सांगेन. "तू," मी म्हणाले. "इथेच. वाकलेला." तो मान खाली घालून हसला, त्याचे डोळे भरले होते. आत नळ नीट बंद झाला नव्हता, पाणी बादलीत टपटपत होतं, आणि आम्ही दोघंही ते ऐकत होतो.

"आणि तुला?" मी विचारलं. "तुला काय दिसलं होतं?"

त्याने नजर रस्त्याकडे वळवली आणि मला वाटलं, इथेही मी बाहेरचीच. मग त्याने उंबऱ्यावर बोटाने एक रेघ ओढली, तिच्या दोन्ही टोकांना एकेक खूण केली, आणि ते नीट दिसावं म्हणून मी जराशी सरकले.

"आमच्या घराला दोन दारं होती," तो म्हणाला.